आत काही नको

गोष्ट एवढीशीच आहे. इरा म्हणाली, "बाबा, माझ्या टोस्टमध्ये काही भरू नकोस. साधाच दे." आवाज चढलेला नव्हता, तोंड वाकडं नव्हतं. चार्जर शोधता शोधता म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. मी ओट्याशी सुरी हातात घेऊन उभा. ब्रेडच्या जाड स्लाइसला चीर देऊन झालेली.

आता दुपार झाली. भांडी झाली, कपडे वाळत घालून झाले, तरी ते "काही भरू नकोस" डोक्यातून जात नाही.

वाईट नेमकं कशाचं वाटलं? फ्रेंच टोस्ट तिला हवाच होता. गोडही हवा होता. नको होतं ते फक्त आतलं. पण आतलंच तर माझं होतं ना! अंड्या-दुधात बुडवून भाजलेला ब्रेड जगभर होतो. पार रोमन काळातल्या पाककृतींमध्येही ब्रेडचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध ओतायची कृती सापडते. त्यात माझं काय असणार? भरलेला टोस्ट मात्र या घरात मी करतो. क्रीम चीज आधीच बाहेर काढून ठेवायचं, कारण गार असलं की ते घट्ट राहतं आणि पसरताना ब्रेड फाटतो. त्यात चमचाभर पिठीसाखर. स्ट्रॉबेरी जॅम घालायचा, पण पूर्ण फेटायचा नाही, लाल रेघा दिसत राहायला हव्यात. मग केळ्याच्या पातळ चकत्या. अख्खा ब्रेड आणून दोन बोटं जाडीची स्लाइस कापायची, वरच्या कडेने सुरी आत घालायची आणि बाकीच्या तिन्ही कडा शाबूत ठेवून खिसा करायचा. भरताना तोंडाशी बोटभर जागा मोकळी सोडायची. ती सोडली नाही तर सारण तव्यावर येतं, साखर करपते आणि तो कडवट वास पुढच्या प्रत्येक टोस्टला लागतो.

सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. पण त्या वीस मिनिटांत मी तिचाच विचार करत असतो, हे तिला कसं कळणार.

लहान होती तेव्हा आत काय आहे ते मी सांगायचो नाही. पहिला घास तोंडात धरून, डोळे मिटून ती ओळखायची. जॅम, चॉकलेट, पीनट बटर, शिजवून मऊ केलेलं सफरचंद. चुकली की पुन्हा एक घास. आता आत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. विचारून नको म्हणाली असती तर चाललं असतं, असं सकाळपासून मनाला सांगतोय. तेही खरं नाही. तरीही लागलंच असतं.

हिला यातलं काही बोललो नाही. रात्रपाळी करून आली की तिचे डोळे मिटत असतात. शिवाय परवाचं ते बोलणं अजून तसंच अर्धवट आहे. असो.

चीर दिलेली स्लाइस माझ्यासाठी बाजूला ठेवली आणि तिच्यासाठी नवी कापली. साधा करायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की यात माझं काम कमी होत नाही, वाढतं. भरलेला टोस्ट मिश्रणात नुसता बुडवून काढायचा असतो. जास्त भिजला तर खिसा फाटतो. मध्यभागी दूध पोचलं नाही तरी तिथे चीज असतं, खाणाऱ्याला कळत नाही. साध्याला तसा आधार नाही. दूध आतपर्यंत गेलंच पाहिजे आणि अंडं आतपर्यंत शिजलंच पाहिजे.

ब्रेड कालचा होता ते बरं. ताज्याचा लगदा होतो. शिळ्या ब्रेडमधला स्टार्च पुन्हा घट्ट झालेला असतो, त्यामुळे तो दूध पितो आणि तरी उचलताना तुटत नाही. एका अंड्याला पाव कप दूध घेतलं, चिमूटभर मीठ. दालचिनी आधी साखरेत कालवली, कारण थेट दुधात टाकली की वर तरंगते आणि सगळी पहिल्याच स्लाइसला चिकटते. एक बाजू भिजवली, थांबलो, उलटली, पुन्हा थांबलो. तव्यावर लोण्यात थोडं तेल. आच मंद. घाई केली की बाहेरून तपकिरी आणि आतून कच्चं अंडं, हे ठरलेलं. दोन्ही बाजूंना चार-चार मिनिटं दिली. मधोमध बोटाने दाबलं तेव्हा कडा फुगल्या आणि बोट काढताच टोस्ट परत वर आला. झाला.

इराने हातानेच तोडला. आतला भाग पिवळसर, ओलसर, थरथरता, अगदी हवा तसा. मग तिने क्रीम चीजची वाटी स्वतःकडे ओढली, चमचाभर ताटलीच्या कडेला घेतलं आणि टोकाटोकाने घासाला लावत खाऊ लागली. केळ्याच्या चकत्या नुसत्याच संपवल्या. म्हणजे चीज हवं होतं, जॅम हवा होता, केळंही हवं होतं. कुठल्या घासाला किती, ते तिला ठरवायचं होतं. सोळाव्या वर्षी आणखी काय ठरवायला मिळतं?

हे मला पूर्ण पटलंय असं नाही. भरलेल्या टोस्टमध्ये चीज गरम होऊन जॅममध्ये उतरतं, ती चव वरून लावून येत नाहीच. हे मी तिला सांगणार आहे, कधीतरी, ती चार्जर शोधत नसताना. पण आज तिने दुसरा मागितला. आणि दुसराही साधाच मागितला, तेव्हा पहिल्याइतकं लागलं नाही.

ही उठली तेव्हा मी बाजूला ठेवलेली स्लाइस भरून तिला दिली. अर्धा खाल्ल्यावर म्हणाली, "जॅम कमी पडलाय रे." घातला असता अजून. उरलेलं सारण झाकून फ्रिजमध्ये ठेवलंय. उद्या हिच्या टोस्टमध्ये जॅम जास्त घालतो. इरासाठी आज रात्रीच दोन जाड स्लाइस जाळीवर उघड्या ठेवायच्या आहेत. फ्रिजमधलं दूधही बघायला हवं, बहुतेक संपलंय.