कूलर, वाळा आणि एन्ट्रॉपी

नवतपा लागला की नागपूरच्या गल्ल्यांत दुपारी माणसं दिसत नाहीत, फक्त खिडक्यांना टेकलेले कूलर घरघरताना ऐकू येतात. पत्र्याची पेटी, पंखा, छोटा पंप आणि तीन बाजूंना वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या. हौस असेल तर वाळ्याच्या. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर आत २८-२९ अंशांची हवा येते. हे यंत्र साधं दिसतं, पण एक जुना समज ते रोज दुपारी खोटा पाडतं.

एकोणिसाव्या शतकात थॉमसन आणि बर्थेलो हे रसायनज्ञ मानत की आपोआप होणारा बदल उष्णता बाहेर टाकणाराच असतो. कूलरमधलं पाणी मात्र उलट वागतं. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम पाणी हवेत जाताना सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, आणि तरीही कुणी न ढकलता जातं.

याचं कारण एन्ट्रॉपीच्या जमाखर्चात आहे. एन्ट्रॉपी म्हणजे ऊर्जा आणि कण किती विखुरलेत याचं माप; आपोआप होणाऱ्या बदलात वस्तू आणि भोवताल मिळून ती वाढावीच लागते. ४३ किलोज्यूल गमावल्यामुळे ४५ अंशांच्या हवेची एन्ट्रॉपी मोलमागे साधारण १३५ ज्यूल प्रति केल्विन घटते. १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफ झालेल्या पाण्याची मात्र १५१ ने वाढते. शिल्लक १६. ही शिल्लक धन आहे तोवर पाणी उडत राहणार. ढोबळ हिशेब आहे, पण गंमत अशी की शिल्लक ठरते ती केवळ आर्द्रतेवर. ८० टक्क्यांना ती जेमतेम २ उरते, १०० टक्क्यांना शून्य.

म्हणूनच कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करणं हा शुद्ध वेडेपणा. खोलीतली हवा कूलरमध्ये फिरत राहिली की आर्द्रता चढते आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. कूलरची पाठ बाहेर हवी आणि समोरची खिडकी उघडी.

टाकीत बर्फ टाकण्याचा उपायही फार मोठा नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० घेतं, सातपट. शिवाय पाणी थंडगार असलं की उडतंच कमी. तासाला पाच लिटर पाणी उडालं तर जवळपास एक टनाच्या एसीएवढी उष्णता शोषली जाते. तेव्हा लक्ष द्यायचं ते ताटी सगळीकडे भिजते का याकडे. वरच्या नळीची भोकं बुजली की मध्ये कोरडे पट्टे पडतात आणि तिथून झळ सरळ आत येते. पाणी जातं, क्षार मागे राहतात. ताटी पांढरी, कडक होते. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी केली तर क्षारही कमी साचतात आणि डासांच्या अळ्याही. अर्थात प्लग काढून. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत, अर्थिंगची हयगय नको.

जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला कितीही भारी कूलर हवा २९ च्या खाली नेऊ शकत नाही. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, तेवढंच बरं वाटतं.

याच पेटीत गंजाचा हिशेब नेमका उलटा चालतो. हवेतला ऑक्सिजन घन ऑक्साइडमध्ये अडकतो, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनची मिळून एन्ट्रॉपी घटते. तरी गंज चढतोच, कारण बाहेर पडणारी उष्णता भोवतालची एन्ट्रॉपी त्याच्या कितीतरी पट वाढवते. फक्त घाई नसते: आपोआप होणारं सगळं लगेच होत नाही, आणि पत्र्यावरचा जस्ताचा थर शाबूत असेल तर वर्षं निघतात. तळाचे कोपरे आणि स्क्रूची भोकं इथे हा थर आधी जातो. मोसम संपल्यावर टाकी पुसून उन्हात कोरडी करावी, त्या जागांना झिंकचा रंग लावावा, मगच कूलर झाकून ठेवावा.