तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चित्रांत चित्रकाराचं काय?

कलेचा इतिहास शिकवते म्हणून हा प्रश्न मला हमखास येतो. युरोपातल्या रेनेसाँच्या, म्हणजे प्रबोधनाच्या काळात पैसा धनिकांचा, विषयही त्यांनीच ठरवलेला. मग त्या चित्रांत चित्रकाराचं स्वतःचं काय?

प्रश्न रास्त आहे. १४५९ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सला मेदिची या धनाढ्य घराण्याच्या वाड्यातलं प्रार्थनाघर रंगवताना चित्रकार बेनोत्सो गोत्सोलीनं काढलेले देवदूत पिएरो दे मेदिचीला खटकले. ढग काढून ते झाकतो, असं बिचाऱ्यानं पत्रात लिहिलं. ते वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

पण माझं उत्तर दुसऱ्या एका कागदात आहे. फ्लोरेन्सच्या अनाथाश्रमाचे प्रमुख फ्रांचेस्को तेसोरी यांनी १४८५ मध्ये चित्रकार दोमेनिको गिर्लांदायोशी केलेला करार. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष बाळाला वंदन करतात, ते चित्र. मुदत तीस महिने, मोबदला ११५ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं), दरमहा तीन. उशीर झाला तर पंधरा कापणार. रंग चित्रकारानं पदरचे घालायचे, आणि निळा मात्र औंसाला चार फ्लोरिनच्या आसपासचाच हवा.

विद्यार्थी असताना मला हा करार निव्वळ जाचक वाटला होता. आता निळ्याच्या त्या कलमापाशी मी थांबते. तो निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून समुद्रापार आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा रंग. स्वस्तातले निळे बाजारात होतेच. पैसे मोजणाऱ्याला त्यांतला फरक कळत होता, आणि चित्रकाराला ते ठाऊक होतं. असं जाणतं गिऱ्हाईक समोर असलं की हात सैल सुटत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि विषयाचं म्हणाल, तर आश्रमाचं नावच मुळी बायबलमधल्या हेरोद राजानं मारलेल्या निष्पाप बाळांवरून पडलेलं. चित्रात मागे ती कत्तल दिसते. पुढे, येशूची आई मरिया हिच्यासमोर, पांढऱ्या कपड्यांतली दोन लहान मुलं गुडघे टेकून बसली आहेत, अंगावर जखमा. टाकून दिलेली मुलं सांभाळणाऱ्या घरासाठी ती तिथे आली. दुसऱ्या कुणासाठी काढलेल्या चित्रात ती आली नसती. पण त्या इवल्या पाठींचा बाक दोमेनिकोचा. गर्दीत तेसोरी आहेत, दोमेनिकोही आहे असं मानतात.

चित्र आजही त्याच आश्रमाच्या संग्रहालयात आहे. फ्लोरेन्सला गेलात तर त्या दोन मुलांपाशी थोडा वेळ थांबा.