विसाव्याचा दगड

गासादालुरला जायला आता बोगदा आहे. डोंगराच्या पोटातून जाणारा, एकेरी, जेमतेम दीड किलोमीटरचा. गाडीने दोन-तीन मिनिटांत माणूस पलीकडे. मी मात्र अलीकडच्या बोउर गावात उतरले आणि जुनी वाट धरली. २००४ साली बोगद्यातून गाड्या जाऊ लागल्या, तोपर्यंत त्या गावाला पायी पोचायचं तर डोंगर ओलांडूनच जावं लागे. पोस्टमन आठवड्यातून तीनदा टपालाची पिशवी घेऊन हीच वाट तुडवायचा. पावसात, बर्फात, थंडीच्या दिवसांतल्या त्या चार-पाच तासांच्या उजेडात.

हे सगळं फेरो बेटांवरचं. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधोमध, उत्तर अटलांटिकमध्ये विखुरलेली ही अठरा बेटं डेन्मार्कच्या छत्राखाली आहेत, पण भाषा आणि कारभार त्यांचा स्वतःचा. विमानतळ वागार बेटावर आहे आणि गासादालुर त्याच बेटाच्या पश्चिम टोकाला.

बोउरमधली घरं डांबर फासलेल्या काळ्या लाकडाची, छपरांवर गवत. बोउर म्हणजे गावाभोवतीची दगडी गडग्याच्या आतली कसलेली जमीन, तिथे बटाटे लावतात आणि जनावरांसाठी गवत राखतात. गडग्याबाहेरचा सगळा डोंगर मेंढ्यांचा. मी कोकणातली. गडगा ओलांडून रानात शिरताना पावलांना जे कळतं, ते इथेही कळलं.

वाट सुरुवातीलाच अंगावर येते. एका हाताला गवताळ चढ, दुसऱ्या हाताला थेट समुद्र. चुकू नये म्हणून ठरावीक अंतरावर दगडावर दगड रचून खुणा केल्या आहेत. जून महिना होता, तरी वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. समोर टिंडहोल्मुरचा पाच सुळक्यांचा खडक आणि त्याच्यामागे धूसर मिचिनेस बेट. मध्येच ढग खाली आले की सगळं पुसलं जायचं आणि फक्त लाटांचा आवाज उरायचा.

वाटेत एक मोठा, सपाटसा दगड आहे. स्थानिक भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘प्रेताचा दगड’. गासादालुरला १८७३ पर्यंत स्वतःचं दफनस्थान नव्हतं. कुणी गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा आणि बोउरला आणायचं. एवढ्या वाटेत पेटी टेकवण्याजोगी जागा ही एवढीच.

माझे पाय तिथे थांबले. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो. तिरडी क्षणभर खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, मग पुढे. लहानपणी आजीच्या गावी तो दगड मला लांबून दाखवला होता, जवळ जाऊ दिलं नव्हतं. इतक्या दूर, वेगळ्या धर्माच्या माणसांनी त्याच गरजेपोटी तसाच एक दगड नेमून ठेवला होता. फरक इतकाच की आमच्या गावी वाट सपाट होती. इथे खांदा बदलताना पाय घसरला असता, तर खाली समुद्र.

डोंगर साधारण ४०० मीटरांवर ओलांडला जातो. पलीकडचा उतार खडा आहे, गुडघे बोलू लागतात. आणि मग खाली ते गाव दिसतं. हिरव्या उताराच्या काठावर हाताच्या बोटांवर दोनदा-तीनदा मोजावीत इतकी घरं, आणि काठ संपतो तिथून मुलाफोसुर धबधबा सरळ अटलांटिकमध्ये पडतो. वारा उलटा असला की त्याचं पाणी खाली पडायच्या आत तुषार होऊन वर उडतं. मी अर्धा तास त्याच्यासमोर बसून होते.

समुद्र दाराशी आणि होड्या मात्र गावात नाहीत, याचं मला आधी नवल वाटलं. काठावर उभं राहिल्यावर कारण दिसलं. कडा इतका उभा आणि खाली लाटा इतक्या आडदांड, की होडी लावणार कुठे? गावकऱ्यांना मासेमारीच्या होड्या बोउरकडे ठेवाव्या लागत. खालच्या धक्क्यापासून वर येणारा जिना १९४० सालचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही बेटं ताब्यात घेतली, तेव्हाचा. वागारचा विमानतळही त्यांनीच बांधला.

एका घरासमोर एक आजी गवत उलथत होत्या. कुठून आलीस विचारलं, तर मी डोंगराकडे बोट केलं. त्यांनी दाताळं भिंतीला टेकवलं आणि कॉफीला आत बोलावलं. जाताना फळ्यांमध्ये फटी ठेवून बांधलेली खोली दाखवली. तिच्यात शरद ऋतूत मेंढीचं मांस टांगतात आणि महिनोन्‌महिने वाळू देतात. मीठ नाही, धूर नाही, नुसता खारा वारा. वास उग्र होता. मला आमच्याकडची बोंबलांची वलांडी आठवली. एक तुकडा त्यांनी कापून दिला, तो मी सावकाश चघळून खाल्ला. आधी तिखटसर, मग तेलकट, आणि शेवटी जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा.

२००२ साली या गावात सोळा माणसं उरली होती. बोगदा आला, तोवर कित्येक घरांना कुलपं लागली होती. सोळा माणसांसाठी डोंगर फोडायचा का, असा हिशेब कुणीही मांडू शकतो. मला तो हिशेब पटत नाही. आजारी माणसाला, बाळंतिणीला, शाळेत जाणाऱ्या पोराला वाट मिळाली पाहिजे, मग गाव सोळांचं असो की सोळाशेंचं. डोलीतून डोंगर उतरवलेली माणसं मी आमच्या भागात पाहिली आहेत. आणि हेही खरं, की आज मी हौसेने चढले ती वाट, नाइलाज संपला म्हणूनच हौसेची झाली.

बाहेर कालवफोड्या पक्षी किंचाळत फिरत होते. काळे-पांढरे, लालचुटूक लांब चोच. फेरोंचा हा राष्ट्रीय पक्षी. १२ मार्चला तो परत येतो असं मानून तिथे सण साजरा करतात. थंडीत कोकण किनाऱ्यावरही कालवफोडे उतरतात. आपले येतात ते दुसऱ्या मुलखातून, पण ओळख पटायला तेवढं पुरे होतं.

परतायला बोगद्यातून गाडी मिळत होती. मी पुन्हा डोंगर चढले. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तरी लख्ख उजेड होता. दगडापाशी आले तेव्हा खांदे भरून आले होते. पाठीवरची पिशवी उतरवली आणि दगडावर न ठेवता शेजारच्या गवतात ठेवली.