कॅन की बाटली: नवतपातील एक तपासणी

नागपूर जिल्ह्यात काटोलच्या वाटेवर असलेल्या एका लहान ब्रुअरीत मी गुणवत्ता तपासणीचे काम पाहते. मालकांना कॅन भरण्याचे यंत्र घ्यायचे होते, तर बिअर बनवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ काकांचा त्याला ठाम विरोध होता. चांगली बिअर काचेतच शोभते आणि डब्यातल्या बिअरला धातूची चव येते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर मालक कोलोरॅडोतील ऑस्कर ब्लूजचे उदाहरण देत, कारण त्या छोट्या ब्रुअरीने २००२ मध्ये आपली पेल एल ही फिकट रंगाची बिअर हाताने कॅनमध्ये भरायला सुरुवात केली आणि नंतर कित्येक क्राफ्ट ब्रुअऱ्या त्याच वाटेने गेल्या. तसे पाहिले तर कॅनमधली बिअर ही काही नवलाई नाही. क्रूगर कंपनीने ती अमेरिकेतील रिचमंड शहरात २४ जानेवारी १९३५ रोजीच विकायला आणली होती. परंतु रिचमंड किंवा कोलोरॅडो येथे जे टिकले ते आमच्या मे महिन्यात टिकेल का, हे कोणी तपासले नव्हते.

ती संधी एका तक्रारीने आली. एका बिअर शॉपीच्या मालकाने आमच्या गव्हाच्या बिअरचा खोका परत घ्यायला सांगितला. गिऱ्हाईक वास येतो म्हणून बाटली परत करत होते. त्याच दुकानात चाचणीसाठी भाड्याच्या यंत्रावर भरलेले काही कॅनही दिलेले होते. ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारच्या वेळी मी तेथे पोहोचले. बाटल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेच्या फ्रीजमध्ये मांडलेल्या होत्या आणि कॅन मागच्या टिनाच्या शेडमध्ये, सोड्याच्या खोक्यांखाली पडले होते. थंड का ठेवले नाहीत, असे विचारल्यावर दुकानदार शांतपणे म्हणाले, “मॅडम, लाईन घडीघडी जाते, फ्रीज तरी काय करीन? तुमी डब्यात भरा का शिशीत भरा, माल गरम राह्यला तं बिघडीनच.” त्या दिवसाचा निष्कर्ष त्यांनी मी प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच सांगून टाकला होता, हे मला संध्याकाळी कळले.

दोन्ही प्रकारचा माल घेऊन मी परतले. त्याच भरणीच्या ज्या बाटल्या आणि कॅन आम्ही शीतगृहात राखून ठेवले होते तेही काढले, आणि कोणते कशातून आले हे न सांगता सर्व नमुने सारख्या ग्लासांत ओतून मालक आणि काकांसमोर ठेवले. दुकानातल्या बाटलीचा ग्लास नाकाजवळ नेताच दोघांनीही तो बाजूला सारला. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधील कडवट घटकांवर प्रकाश, विशेषतः त्यातील निळा भाग पडला, की बिअरमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने ते घटक फुटतात आणि त्यांतून गंधकाचे एक संयुग तयार होते. त्याचा अत्यल्प अंशही नाकाला पुरतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. आमची बाटली मात्र साध्या पांढऱ्या काचेची होती, कारण गव्हाच्या बिअरचा गढूळ सोनेरी रंग दिसावा अशी विक्री विभागाची इच्छा होती. कॅनमधून प्रकाश मुळीच आत जात नाही, त्यामुळे त्या ग्लासाला हा वास नव्हता. मालक हसले, पण घोट घेताच त्यांचा चेहरा उतरला. ओल्या पुठ्ठ्यासारखी, जुनाट चव आली होती. ती प्रकाशाची नव्हे, तर उष्णतेची करणी होती. भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजनही तापमान वाढले की झपाट्याने आपले काम करतो, आणि कॅनचा पातळ पत्रा बाहेरची उष्णता काचेपेक्षा लवकर आत पोहोचवतो.

शीतगृहातल्या दोन ग्लासांत मात्र कॅन कोणता आणि बाटली कोणती, हे काकांनाही सांगता आले नाही. बिअर ॲल्युमिनिअमला स्पर्शच करत नाही, कारण कॅनला आतून संरक्षक लेप असतो. थेट डब्याला तोंड लावले तर ओठांना आणि नाकाला पत्रा जाणवतो, हे खरे. पण तो दोष पिण्याच्या रीतीचा आहे. काकांनी एवढे मान्य केले आणि मग शेडमधून आलेला, झाकण फुगून वर आलेला एक कॅन मालकांपुढे ठेवला.

हा कॅन मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. मी आधी त्याची डबल सीम कापून मोजली. झाकणाची आणि अंगाची घडी एकमेकींत नीट बसलेली होती, म्हणजे यंत्राचा दोष नव्हता. आमची गव्हाची बिअर न गाळलेली असते आणि तिच्यात यीस्ट जिवंत असते. थोडी साखर शिल्लक राहिली आणि ऊब मिळाली की यीस्ट पुन्हा कामाला लागते. कॅन साधारण सहा बारपर्यंतचा दाब सोसतो, परंतु तापलेल्या शेडमध्ये साध्या बिअरचाच दाब बराच वाढतो. त्यावर नव्या किण्वनाची भर पडली, तर झाकण उलटणारच. बाटली असती तर कदाचित ती फुटलीही असती, आणि फुटलेली काच कोणाच्या हातात गेली असती याचा विचार मला आजही करवत नाही.

वजनाचा आणि वाहतुकीचा हिशेब उघड आहे, त्याबद्दल फारसा वाद झाला नाही. भंगाराची बाजू मात्र मालकांना नवी होती. मोठ्या कंपन्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटल्या कबाडी गोळा करतो आणि त्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. आमच्या वेगळ्या आकाराच्या छोट्या बाटलीला त्या साखळीत जागाच नाही. ती फुटकी काच म्हणूनच जाते. कॅनला कोणाचाही शिक्का असो, त्याचे ॲल्युमिनिअम किलोवर विकले जाते, म्हणून तो आमच्या गावांतही उकिरड्यावर फार काळ राहत नाही.

रात्री मालकांनी निर्णय दिला: गाळलेली पेल एल कॅनमध्ये जाईल, गव्हाची बिअर गाळणीची सोय होईपर्यंत फक्त पिंपातूनच विकली जाईल, आणि ज्या दुकानांत विजेची खात्री नाही तेथे मे महिन्यात आम्ही माल पाठवणार नाही. काकांना हे पटले, विक्री विभागाला नाही. यंत्राचे दरपत्रक मालकांनी तूर्त बाजूला ठेवले आहे, कारण त्याच पैशांत आधी माल थंड ठेवून नेणारी एक वातानुकूलित गाडी घ्यावी, असे माझे मत मी लेखी दिले होते. सध्या ते त्या गाडीची किंमत काढत आहेत.