ब्लॅक हिल्स आणि न उचललेला मोबदला

मिनियापोलिसहून पहाटे निघालो तरी साउथ डकोटाचा तो सरळसोट हायवे काही संपता संपेना, आई मागच्या सीटवर दोनदा झोपून उठली आणि दोन्ही वेळा बाहेर तेच गवत. रॅपिड सिटी जवळ आल्यावर मग एकदम काळपट डोंगरांची रेघ दिसली, हेच ब्लॅक हिल्स. पाइनची झाडी इतकी दाट आहे की लांबून डोंगर काळेच वाटतात, इथले मूळ रहिवासी असलेले लकोटा लोक त्यांना 'पाहा सापा' म्हणतात, म्हणजे काळे डोंगरच.

माउंट रशमोर बघितलं, फोटो काढले, पण मला तिथे फार थांबवेना. ज्या कड्यावर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेत तो डोंगर लकोटांचा, आणि नुसता भावनेने नाही तर कागदावर पण! १८६८ च्या फोर्ट लॅरामीच्या तहात अमेरिकन सरकारने लिहून दिलेलं की हा मुलूख तुमचा, आणि पुढे कधी घ्यायचा झाला तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील. मग १८७४ मध्ये कस्टर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला इथे सोनं सापडलं, खाणवाले घुसले, लढाई झाली, आणि १८७६ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवलं की डोंगर सोडत नाही तोवर लकोटांना सरकारकडून मिळणारं रेशन बंद. शिकार संपत आलेली, बंदुका नि घोडे काढून घेतलेले, पोरंबाळं उपाशी, आणि समोर कागद. तरीसुद्धा दहा टक्क्यांच्या आसपासच सह्या मिळाल्या, आणि तेवढ्यावरच १८७७ ला कायदा करून डोंगर घेऊन टाकले.

हे मी गाडीत आईला सांगत होते. आईचं माहेर पाटण तालुक्यातलं, गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं, त्यामुळे तिचा पहिलाच प्रश्न, "मग मोबदला उचलला का त्यांनी?"

नाही उचलला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की जमीन घेतली पण योग्य मोबदला दिलाच नाही, १८७७ च्या भावाने एक कोटी एकाहत्तर लाख डॉलर आणि वर शंभर वर्षांचं पाच टक्क्यांनी व्याज, मिळून दहा कोटींच्या वर. पैसे सरकारी खात्यात पडून आहेत, आता शंभर कोटींच्या पुढे गेलेत, आणि पाइन रिजसारख्या लकोटांच्या राखीव भागात गरिबी एवढी भयंकर असून त्यातल्या एका डॉलरला हात लावलेला नाही, कारण पैसे घेतले की विक्री मान्य केली असं होतं आणि त्यांचं म्हणणं एकच, डोंगर विकायला काढलेच नव्हते. मला हे शंभर टक्के पटतं.

आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आमच्या दादांनी घेतले होते गं. न घेऊन करणार काय होते."

दुसऱ्या दिवशी विंड केव्हला गेलो. लकोटांच्या कथेत माणूस याच गुहेतून जमिनीवर आला. गुहेचं मूळ तोंड म्हणजे खडकातलं एक भोक, आपल्या सुपाएवढं पण नाही, रेंजर बाईंनी त्यासमोर रिबन धरली तर ती फडफडत बाहेर यायला लागली, हवेचा दाब बदलला की वारा उलटा आत पण जातो म्हणे. आईने तळहात पुढे केला. "आत कोणीतरी श्वास घेतंय," म्हणाली, आणि हात तसाच धरून उभी राहिली, मागे लाइन लागली तरी.

परतताना कळलं की याच डोंगरातलं पे स्ला नावाचं पवित्र गवताळ पठार २०१२ मध्ये विक्रीला निघालं तेव्हा काही जमातींनी पदरचे नव्वद लाख डॉलर घालून जवळपास १९०० एकर विकत घेतलं. त्यातली एक शाकोपीची, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावरची. सरकारी खात्यातले पैसे तेव्हाही तसेच होते.