सागरी गुलाब: गुलाब आधी निघून जातो, समुद्र मागे राहतो

सागरी गुलाब म्हणजे गुलाब आणि समुद्र यांच्या वासांची जोडी असलेला परफ्यूमचा प्रकार. त्यातल्या एकाच परफ्यूमबद्दल दहा जणांची मतं वाचली की गोंधळायला होतं. कुणाला ओल्या पाकळ्या आणि खारा वारा जाणवतो, कुणाला नुकतं कापलेलं कलिंगड, कुणाला धुण्याची पावडर, तर कुणाला घामट मुठीत बराच वेळ धरलेलं नाणं. कुपी तीच, फवारा तोच. तरी या मतांपैकी एकही खोटं नसतं. प्रत्येक शेऱ्यामागे एखादं ठरावीक द्रव्य असतं, आणि ते द्रव्य फवारल्यानंतर किती वेळाने नाकाशी येतं, किती वेळ थांबतं, याचं गणित असतं.

आधी समुद्राचं बघू. मिठाला स्वतःचा वास नसतो. किनाऱ्यावर ज्याला आपण खारा वास म्हणतो, त्यात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त द्रव्याचा आणि समुद्री शेवाळ जे सोडतं त्याचा. डायमिथाइल सल्फाइड कुपीत जरा जास्त पडलं तर उकडलेल्या कोबीसारखा वास मारतं. त्यामुळे परफ्यूममधला समुद्र हा बहुतेक वेळा इतर द्रव्यांतून रचलेला असतो. त्यातलं सर्वांत ओळखीचं द्रव्य म्हणजे कॅलोन. फायझर कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना ते १९६६ साली सापडलं, पण परफ्यूममध्ये त्याला मानाची जागा मिळाली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. १९९२ साली परफ्यूमर जाक काव्हालिए यांनी जपानी फॅशन डिझायनर इसे मियाके यांच्यासाठी ‘लो दिसे’ रचलं आणि पाण्याचा भास देणारा फुलांचा सुगंध सगळीकडे पोचला.

कॅलोनचे स्फटिक पांढरे असतात आणि त्यांचा जोर विलक्षण असतो. सुगंधी अर्काच्या हजार भागांत दोन-चार भाग पडले की हवा मोकळी झाल्यासारखी वाटते. प्रमाण वाढलं की तेच कलिंगड होतं, आणखी वाढलं की कालवं उघडल्यावर येतो तसा ओशट वास. ‘गुलाब कुठे आहे, नुसतं फळच येतंय’ अशी तक्रार दिसली की बहुधा कॅलोनचा हात सैल सुटलेला असतो. हल्लीचे बरेच परफ्यूमर म्हणून ते नखभरच घेतात आणि हेलिओनल, फ्लोरालोझोन अशा द्रव्यांवर भर देतात. फ्लोरालोझोन स्वच्छ, थंड वाऱ्यासारखं असतं. हेलिओनलमध्ये ओल्या गवताची आणि किंचित धातूची झाक असते.

नाण्याचा शेरा इथूनच येतो. हेलिओनलच्या धातूच्या झाकेला गुलाबातलं रोझ ऑक्साइड येऊन मिळतं. रोझ ऑक्साइड हे फार नाजूक प्रकरण आहे: थोडं असेल तर गुलाबावर दव पडल्याचा भास, हिरवट, लिचीसारखा रस, जास्त असेल तर थेट पत्रा. (लोखंडालाही खरं तर वास नसतो. हाताच्या त्वचेवरच्या तेलकट अंशाशी लोखंडाची प्रक्रिया होऊन तो तयार होतो. मीठ आणि लोखंड, दोन्ही बाबतींत नाक आपल्याला हुलकावणी देतं.)

धुण्याच्या पावडरीचा शेरा बहुतेक वेळा डायहायड्रोमिर्सेनॉलमुळे येतो. हे लिंबासारखं, धारदार, ताजं द्रव्य साबण आणि डिटर्जंटमध्ये टिकून राहतं म्हणून तिथे वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे, त्यामुळे नाकाला त्याची ओळख कपड्यांवरूनच झालेली असते. त्याच्या जोडीला पांढरे मस्क (कस्तुरीसारख्या वासाची कृत्रिम द्रव्यं) आले की परफ्यूम कितीही नाजूक बांधलेलं असो, वाळत घातलेले कपडेच आठवतात. सनस्क्रीन आठवत असेल तर सॅलिसिलेट शोधा. सुरुवातीच्या काळातल्या सनस्क्रीनमध्ये अतिनील किरण शोषून घ्यायला बेंझिल सॅलिसिलेट घालत असत, आणि ऊन-वाळूचा भास द्यायला परफ्यूमर आजही तेच घेतात.

आता गुलाब. दमास्क गुलाबाच्या एक किलो तेलाला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात. त्या तेलात सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल, नेरॉल ही मंडळी मुख्य. फेनिलइथाइल अल्कोहोल मात्र पाण्यात विरघळतं, म्हणून ऊर्ध्वपातनात त्याचा मोठा भाग गुलाबपाण्याबरोबर निघून जातो. गुलाबपाण्याचा जो मऊ, किंचित मधाळ वास आपण ओळखतो तो याचा. सागरी गुलाबात हाच पाणीदार, पारदर्शक गुलाब हवा असतो. जड, मुरंबी गुलाब समुद्राशेजारी ठेवला की दोघंही बिघडतात. म्हणून परफ्यूमर फेनिलइथाइल अल्कोहोल, थोडं रोझ ऑक्साइड, जिरॅनियम आणि हवा खेळती ठेवायला हेडिओन अशी मांडणी करतात.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. या ताज्या गुलाबाचे बरेच घटक लवकर उडणारे. अंगावर रोझ ऑक्साइड अर्ध्या तासाच्या आसपास विरतं, सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल दोन-तीन तास साथ देतात. कॅलोन मात्र चिवट आहे. कागदाच्या पट्टीवर ते कित्येक दिवस टिकतं. म्हणजे जो गुलाब आवडला म्हणून कुपी घेतली तो दुपारपर्यंत निघून जातो, आणि ज्या समुद्राने पाच मिनिटांत भुरळ घातली तो एकटा मागे राहतो. एकटं कॅलोन संध्याकाळी कसं लागतं? गोडसर, पाणचट, थोडं कुबट. ‘सुरुवात स्वर्गीय, शेवटी ओला फडका’ हा शेरा अनेकदा वाचायला मिळतो तो यामुळे. मला या प्रकारच्या परफ्यूमची परीक्षा पहिल्या फवाऱ्यात वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला गुलाबाचा माग लागतो का, यावर परफ्यूम चांगलं की साधारण ते ठरवावं.

ज्यांनी काम नीट केलंय त्यांनी गुलाबाला मागून आधार दिलेला असतो. डमॅस्कोन गटातली द्रव्यं त्यासाठी उत्तम: अत्यल्प प्रमाणात गडद, फळासारखी, आणि तासन्‌तास टिकणारी. नैसर्गिक तेलात बीटा-डमॅस्केनोन एक टक्काही नसतं, तरी गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. दुसरा आधार रोझ क्रिस्टल या कृत्रिम द्रव्याचा. वास अगदी मंद, कोरडा, पण दिवसभर हलत नाही. खाली अँब्रॉक्सन असेल तर उन्हात तापलेल्या त्वचेसारखा खारट-उबदार शेवट मिळतो. क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लेरिऑलपासून ते बनवतात, आणि देवमाशाच्या आतड्यात तयार होऊन समुद्रात सापडणाऱ्या अंबरग्रिसमधल्या वासाचा गाभा तोच. त्यामुळे शेवटचा समुद्र कॅलोनच्या समुद्रापेक्षा पुष्कळ खरा वाटतो.

अँब्रॉक्सन, काही मस्क आणि त्यांच्या जवळपासची लाकूड-अंबरच्या वासाची तीव्र द्रव्यं यांच्या बाबतीत नाकं फार वेगळी वागतात. काहींना ती जवळजवळ जाणवतच नाहीत, काहींना सुईसारखी टोचतात. ‘तासाभरात गायब’ आणि ‘डोकं दुखेपर्यंत टिकतं’ ही दोन मतं एकाच परफ्यूमखाली दिसली तर दोन्ही गंभीरपणे घ्या. स्वतःचं नाक कुठल्या बाजूचं हे दुसऱ्याला विचारूनच कळतं: फवारल्यावर चार तासांनी शेजारच्या माणसाला हातभर अंतरावरून वास येतो का ते विचारा. आपलं नाक सरावलेलं असतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

तपासायची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. २ मिलीची फवाऱ्याची सॅम्पल कुपी घ्या. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे वीसेक फवारे होतात. एक फवारा कागदावर, एक कोपराच्या आतल्या बाजूला, १५ सेंटिमीटरवरून. पहिला मिनिटभर नाक लावू नका, तेव्हा मुख्यतः अल्कोहोल उडत असतं. मग १० मिनिटं, ४० मिनिटं, २ तास आणि ५ तास अशा चार वेळी दोन-दोन शब्द लिहून ठेवा. कागद थंड असतो, त्यावर सगळं हळू उलगडतं. त्वचेच्या ऊबेने गुलाब लवकर फुलतो आणि लवकर जातो. कागदावरचा गुलाब पाहून खरेदी केली की पस्तावा होतो तो म्हणूनच. एका वेळी दोनच परफ्यूम तपासा. कॅलोन असलेली तिसरी पट्टी नाकाशी येईपर्यंत नाकाला पाण्याखेरीज काही कळत नाही.

मनगटं एकमेकांवर घासल्याने रेणू चिरडले जातात असं सांगतात, तसं काही होत नाही. घर्षणाच्या ऊबेने आणि पसरल्यामुळे वरचे हलके घटक मात्र झटकन उडतात. या प्रकारात गुलाबाचं निम्मं सौंदर्य त्या हलक्या घटकांतच असल्यामुळे घासणं टाळलेलं बरं.

कोरड्या त्वचेवर गुलाब अजूनच लवकर जातो. आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलिनचा पातळ थर लावून ५ मिनिटांनी फवारा. सुती कपड्यावर फवारलं तर उडण्याचा वेग मंदावतो आणि गुलाब-समुद्राची जोडी जास्त वेळ सोबत राहते. माझ्या मते सागरी गुलाबासाठी हीच सर्वांत चांगली जागा. रेशमावर आणि फिक्या कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून डाग पडतो का ते बघा. उकाड्यात दोन फवारे पुरतात, कारण दमट गरम हवेत कॅलोन पसरतं आणि बंद खोलीत दुसऱ्यांना ते कोंदट होतं. थंडीत चार चालतात.

कुपी मूळ खोक्यात, अंधारात, गारव्याला ठेवा. बाथरूममध्ये नको. लिंबू-संत्र्याच्या वर्गातले वरचे घटक हवेने आणि उजेडाने आधी खराब होतात, आणि ते गेले की सुरुवातीलाच व्हार्निशसारखा कडवट झटका येतो. तसा झटका आला तर १५ मिनिटं थांबा. खाली गुलाब अजून शाबूत असेल तर ती कुपी अंगावर न वापरता कपड्यांवर वापरून संपवा.