तुम्ही विचारलंत म्हणून: औषध कंपनी कोणतं काम बाहेर देते?

"औषधं तुम्ही बनवता, मग उंदीर पकडायला, थर्मामीटर तपासायला, दुष्परिणामांच्या नोंदी ठेवायला बाहेरची माणसं कशाला? आणि हे ठरवतं कोण?" हा प्रश्न नेहमीचाच. 'खर्च वाचतो म्हणून' हे उत्तर अर्धंच खरं आहे.

कॅन्टीन, पहारा, साफसफाई यांवर फार डोकं लढवावं लागत नाही. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामांवर कंत्राटी कामगार लावायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, पण ही कामं औषध कारखान्यासाठी 'मुख्य' धरलेली नाहीत. फक्त एक विसरू नये. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाला भरावी लागते. म्हणून दर महिन्याला हजेरीपट, पगारपत्रक आणि पीएफचं चलन जुळल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास करायचं नाही.

अडतं ते मधल्या कामांपाशी. दिसायला ती गौण असतात, पण त्यांचा हात कुठेतरी औषधापर्यंत पोचतो. अशा वेळी काम किती महत्त्वाचं यावर वाद घालण्यात अर्थ नाही. इथे चूक झाली तर ती कोणाला कळेल आणि किती दिवसांनी, हे विचारावं. कॅन्टीनची आमटी खारट झाली तर दुपारी दीडलाच कळतं. कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाच्या उपकरणाची अचूकता तपासणं, चुकलं तर कदाचित पुढच्या ऑडिटमध्ये कळेल, आणि तोवर बॅचेस बाजारात गेलेल्या असतील.

कॅलिब्रेशनचंच बघा. गोदामातला सेन्सर 2 ते 8 अंशांवर चालतो. एजन्सी तो 0, 50 आणि 100 अंशांवर तपासते. प्रमाणपत्र एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेलं, सही-शिक्का जागेवर, पण 0 ते 50 च्या मध्ये, म्हणजे नेमकं हवं तिथे, काहीच तपासलेलं नाही. दुसरी चूक याहून महागात पडते. तंत्रज्ञ उपकरण आधी 'नीट करतो' आणि मग आकडे लिहितो. दुरुस्तीआधीचं वाचन गेलं की मागच्या वर्षभरातल्या मालाचं काय झालं, हे सांगायची सोयच उरत नाही. म्हणून ऑर्डरमध्येच लिहायचं: कोणत्या बिंदूंवर तपासायचं, किती फरक चालेल, आणि आधीचं व नंतरचं अशी दोन्ही वाचनं हवीत. हे तीन मुद्दे खरेदी खात्याच्या छापील नमुन्यात सहसा नसतात.

दुष्परिणामांच्या नोंदींचं, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्सचं, गणित वेगळं. प्रमाणित डेटाबेस, मेडड्रा या वैद्यकीय संज्ञांच्या शब्दकोशाचा परवाना (दर मार्च आणि सप्टेंबरला त्याची नवी आवृत्ती येते), केस वाचणारा डॉक्टर, सुट्टीच्या दिवशीही मेल बघणारा माणूस. महिन्याला 30 केसेस आल्या काय नि 300 आल्या काय, एवढा पसारा लागतोच. म्हणून छोट्या कंपन्या जवळजवळ सगळं काम बाहेर देतात. मोठ्यांनी नोंद आणि कोडिंग (दुष्परिणामाला मेडड्रातली ठरलेली संज्ञा देणं) खुशाल बाहेर द्यावं, पण औषधाचा आणि दुष्परिणामाचा संबंध ठरवणं घरात ठेवावं, असं आमचं मत.

इथे गोची होते ती वेळेची. गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामकाला, 15 दिवसांत कळवायचा असतो, आणि हे दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. व्हेंडरला, म्हणजे काम घेतलेल्या बाहेरच्या कंपनीला, शुक्रवारी संध्याकाळी मेल आला तर तोच शून्यावा दिवस धरायचा. तुम्हाला सोमवारी कळलं ही सबब नाही. त्यात पाकिटावरच्या नंबरवर फोन येतो, "गोळी कडू लागली, मग अंगावर पित्त उठलं." कॉल सेंटरचा मुलगा कडूपणा गुणवत्तेच्या तक्रारीत टाकतो आणि पित्त विसरतो. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: दर महिन्याला कॉल सेंटर आणि फार्माकोव्हिजिलन्स या दोन्हीकडच्या नोंदींची संख्या आणि क्रमांक जुळवायचे, आणि तक्रारींतल्या काही मुद्दाम पुन्हा वाचायच्या.

ठरवतं कोण? कोटेशन खरेदी खातं आणतं, पण नकाराचा अधिकार क्यूएकडे, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाकडे, हवा. युरोपच्या जीएमपीचं (औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींच्या नियमांचं) सातवं प्रकरण याच विषयावर आहे. 2013 पासून लागू असलेल्या त्याच्या आवृत्तीप्रमाणे काम देणाऱ्याने घेणाऱ्याची पात्रता आधी तपासायची, पुढेही लक्ष ठेवायचं. कंत्राटी उत्पादनापुरतं एफडीएचं नोव्हेंबर 2016 चं मार्गदर्शन गुणवत्ता करार व्यापारी करारापासून वेगळा ठेवायला सांगतं. कॅलिब्रेशनसारख्या कामांनाही ही पद्धत सोयीची, कारण निरीक्षकाने करार मागितला तर दरपत्रक त्याच्यासमोर पसरावं लागत नाही. करारात एक ओळ मात्र हवीच: आमच्या लेखी संमतीशिवाय काम तिसऱ्याला देता येणार नाही. सी अँड एफ एजंट, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा, चांगला असतो, पण भिवंडीहून माल नेणारा टेम्पो कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

खर्चाचा तक्ता मांडताना लोक आपले पगार आणि व्हेंडरचं बिल, एवढंच शेजारी-शेजारी ठेवतात. त्यात ऑडिटचा प्रवास, व्हेंडरवर लक्ष ठेवणारा एक पूर्णवेळ माणूस आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने दोन्हीकडे चालणारं दुहेरी काम धरलं की बचत बरीच खाली येते. कधी उरतच नाही.

आणि निघायची वाट पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी: व्हेंडर बदलला तर जुन्या नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळणार, ऑडिट ट्रेलसकट (कोणी, कधी, काय बदललं याच्या नोंदीसह) की नुसत्या पीडीएफ. नोटीस दिल्यावर ही बोलणी सुरू केली, तर दर व्हेंडरच सांगणार.